सोडियमचं लग्न

४ ऑगस्ट
दोन्या नुबिया म्हणाल्या, परीक्षेत दहावीची निम्मी मुलं रसायनशास्त्रात पास झाली नाहीत तर विषय बंद, आणि मी पी.टी. शिकवायची. मुख्याध्यापिका असल्या म्हणून काय झालं, माझं सुटलेलं पोट तरी बघायचं! पण चिंता नाही. फळ्याचे दिवस संपले. मी रसायनशास्त्राची टेलिनोव्हेला, म्हणजे रडकी मालिका, काढणार. आमच्या या नदीकाठच्या गावात आठ वाजता कुत्रंही टीव्हीसमोर असतं.

९ ऑगस्ट
कथा तयार. सोडियम गरीब, उतावळा. आईची अंगठी, म्हणजे इलेक्ट्रॉन, कुणाला तरी द्यायला टपलेला. क्लोरिनला नेमकी एकच अंगठी हवी. शेवटी लग्न, म्हणजे मीठ. राजधानीत, बोगोटात तरी कुणाला सुचलं असतं?

१७ ऑगस्ट
शाळेच्या भिंतीवर पहिला भाग दाखवला. मुलांमागून आया, आज्या खुर्च्या घेऊन हजर. क्लोरिन झालेली दहावीतली युर्लेइदिस छान रडते.

२५ ऑगस्ट
दुसऱ्या भागात क्लोरिन विषारी असते हे सांगितलं. शास्त्र म्हणजे शास्त्र. सकाळी अरेपा, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, विकणारी ग्रिसेल्दा मावशी अंगावर आली. प्रोफे, मास्तर असून गरिबाच्या पोराला विषारी बाईच्या गळ्यात बांधताय, लाज नाही वाटत? युर्लेइदिसला तिने अरेपा दिलाच नाही.

२ सप्टेंबर
कुणाशीच संयोग न करणारी म्हणून आर्गोनला सहज आणलं. मावशी ढसाढसा रडली. सून असावी तर अशी म्हणे, घर भरलेलं, कुणाकडे काही मागणं नाही. मी म्हटलं, मावशी, आर्गोन लग्नच करत नाही. तर म्हणते, लेखक तुम्ही आहात ना? मग करायला लावा!
लेखक! घरात मला अजून कुणी असं म्हटलेलं नाही.

९ सप्टेंबर
तत्त्वाशी तडजोड नाही.

१० सप्टेंबर
तात्पुरती तडजोड. सोडियमने आर्गोनला अंगठी दिली. फटाके वाजले. परीक्षेआधी एक भाग काढून सगळं सरळ करीन. एक भाग पुरे.

३० सप्टेंबर
तो भाग राहिला. सोडियम-आर्गोनच्या बाळाच्या बाप्तिस्म्याचा आधी घ्यावा लागला; पाद्रीबाबांनी चर्चमधली तारीखच देऊन टाकली होती. परीक्षा उद्या. मुलं हुशार आहेत, कळेल त्यांना.

१४ ऑक्टोबर
निकाल लागला. सोडियमचा संयोग कोणाशी होतो? सगळ्यांनी लिहिलंय, आर्गोनशी. युर्लेइदिसनेसुद्धा.
दोन्या नुबियांनी बोलावलं. म्हणाल्या, निदान तुम्ही तरी बरोबर उत्तर सांगा, प्रोफे. मी तोंड उघडलं. क्लोरिन म्हणायचंच होतं. पण निघालं भलतंच. म्हटलं, बाई, असं कसं सोडेल तो आर्गोनला? पदरात मूल आहे.
त्यांनी खणातून शिट्टी काढून माझ्यापुढे ठेवली.