कुसुमताईंचा अपुरा प्रोग्राम

गुरुवार, २५ सप्टेंबर
आले बाई एकदाची धरमपेठेत! सामान वर चढलं, पंखा फिरतो, खिडकीतून कडुनिंब दिसतो. हे गेल्यापासून त्या मोठ्या फ्लॅटमध्ये एकटीने राहून कंटाळले होते. या दोन खोल्या अंगावर शाल घेतल्यासारख्या वाटतात. दीप्ती दिवाळीनंतर पुण्याहून येईल. पहिलं बाळंतपण आईकडेच, असं तिने स्वतःच ठरवलंय. म्हणून पलंग भिंतीला लावून घेतला, पाळण्याला जागा राहिली.

घरमालक श्रीधरराव खाली एकटेच राहतात. इंजिनियर होते, आता निवृत्त. पत्नी कुसुमताई दोन वर्षांपूर्वी गेल्या. किल्ली घ्यायला गेले तर त्यांच्या बैठकीत सोफा नाहीच, नुसते जुने संगणक मांडलेले! एक तर हुबेहूब आमच्या कॉन्व्हेंटात आला होता तसा. मी तिथे नुकतीच शिकवायला लागले होते. त्याच्या खोलीत आम्ही चपला काढून जायचो, देवघरात जावं तशा. श्रीधररावांनी बटण दाबलं, काळ्या पडद्यावर हिरवा चौकोन लुकलुकू लागला आणि माझे डोळे भरून आले.

रविवार, २८ सप्टेंबर
खाली दर रविवारी अड्डा असतो. तर्री पोहे आणि जुन्या मशीनी. आज मलाही बोलावलं. चंद्रभान म्हणून एक आहेत, लकडगंजात कम्प्युटर क्लास चालवायचे. त्यांनी हसवून हसवून जीव घेतला. म्हणे, त्या जमान्यात कॅसेटवरून गेम लोड व्हाले लावून मी भावाच्या लग्नाले गेलो, वरातीत नाचलो, जेवलो, वापस आलो तं एरर येऊन राहिली होती! श्रीधररावांची मशीन म्हणे इतकी म्हातारी, की चालू कराच्या आधी तिले चहा पाजा लागते.

मग वाचनाचा विषय निघाला. तेव्हा मासिकांत प्रोग्राम छापून यायचे. शेवटी डेटाच्या ओळी, म्हणजे पानभर नुसते आकडे. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने टाइप करायचे. मी सांगितलं, शाळेत मीच वाचायचे. आमच्या सिस्टर बर्नाडेटनी उच्चार असे घासून घेतले होते की माझा फाइव्ह कधी कुणाला नाइन ऐकू आला नाही.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. श्रीधररावांनी कपाटातून कडेला भोकं असलेल्या कागदाची जाड चळत आणली. कुसुमताईंचा प्रोग्राम. त्यांच्या आजारपणात दोघांनी मिळून रचला. त्या वाचायच्या, श्रीधरराव टाइप करायचे. त्या गेल्या आणि तो मध्येच राहिला. काय करतो हा, असं मी विचारलं तर चंद्रभान म्हणाले, मॅडम, ते तं वाचून झाल्यावरच समजते.

खरंच, तेव्हाही असंच असायचं. पडद्यावर साप येणार की रॉकेट, शेवटच्या आकड्यापर्यंत पत्ता नसायचा. मी वाचायला बसले. किती गोड वाटलं, काय सांगू.

सोमवार, ६ ऑक्टोबर
काल दुसऱ्यांदा वाचलं. आज दीप्तीशी फोनवर शाळेच्या गोष्टी निघाल्या, तर उच्चार शिकवणाऱ्या सिस्टरचं नाव काही केल्या आठवेना. चेहराही नाही. वय झालं, दुसरं काय.

कालची एक गंमत मात्र लिहून ठेवते. श्रीधररावांच्या स्वयंपाकघरात चहा करायला गेले आणि कुणाला न विचारता मागच्या फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. साखर त्यातच होती. श्रीधरराव दारात उभे राहून बघत होते. चंद्रभान मात्र हसून म्हणाले, घरचं माणूस घर ओळखते.

रविवार, १२ ऑक्टोबर
आज वाचता वाचता मी चंद्रभानना चंद्या म्हटलं. चंद्या, कागद सरळ धर न गा! मला ही बोली कधी जमली नाही. जन्म नागपुरात गेला, तरी तोंडाला कॉन्व्हेंटच. श्रीधरराव रडायला लागले. चंद्रभान म्हणाले, कुसुमताई मले अशाच झापत होत्या.

वर आले. भिंतीवर एका गृहस्थांचा हार घातलेला फोटो होता. कोण असावेत, असा विचार करत मी पाणी प्याले. पेला खाली ठेवल्यावर आठवलं. माझे मिस्टर.

तशीच खाली गेले. यापुढे मी वाचणार नाही, म्हणून सांगितलं. चंद्रभान अजून पोहेच खात होते. म्हणाले, काहून वं ताई? जुन्या मशीनमधी जागा कमी राहते. नवीन टाकाचं तं जुनं काढाच लागते. सगळे हसले. मला ते आता मॅडम म्हणत नाहीत.

श्रीधरराव हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की मुलगी कधी येणार आहे.

रविवार, १९ ऑक्टोबर
खाली पाऊल टाकायचं नाही, असं ठरवलं होतं. पोह्यांचा वास आला आणि मी खुर्चीत होते. कागद मांडीवर. तोंड चालू.

पण हा खेळ मलाही ठाऊक आहे. एक आकडा चुकला की प्रोग्राम मेला. मधल्या एका ओळीत मी मुद्दाम फाइव्हच्या जागी नाइन वाचला. स्वच्छ, खणखणीत. श्रीधररावांनी तसाच टाइप केला. शेवटी पडदा थिजला. एरर. मी आतल्या आत टाळ्या वाजवल्या.

मग ते शांतपणे म्हणाले, कुठेतरी चुकलंय. पहिल्या ओळीपासून ताडून बघावं लागेल.

मी मुलींना काय शिकवायचे? चूक निघाली की अंदाज करत बसू नका. पहिल्यापासून मोठ्याने वाचा, एकही आकडा गाळू नका. मीच शिकवायचे. आणि मीच विसरले. आता सगळं पुन्हा वाचायचं, म्हणजे आणखी विसरायचं —

चंद्रभाननी दाराला आतून कडी लावली.

मंगळवार, २१ ऑक्टोबर
दिवाळी. आता रविवारची वाट बघत नाहीत. रोज बोलावतात.

डावा गुडघा दुखतो. माझा कधीच दुखत नव्हता. सकाळी सीताबर्डीपर्यंत गेले. पुण्याची गाडी धरायची, दीप्तीकडे जायचं. ऑटोवाल्याने विचारलं, कुठं जाचं, माय? मी याच घराचा पत्ता सांगितला. दुसरा आठवलाच नाही. फाटकाशी श्रीधरराव उभे होते. म्हणाले, दमलीस ना, कुसुम.

शनिवार, २५ ऑक्टोबर
दीप्तीला फोन लावला, स्पीकरवर. येऊ नकोस, हे सांगायला. तिने विचारलं, कोण बोलतंय? आई, म्हटलं. ती म्हणाली, हा माझ्या आईचा आवाज नाही, आईला फोन द्या. मग रडायला लागली. उद्याच निघते म्हणाली. मी नको, नको म्हणत राहिले. तिने फोन ठेवला होता.

श्रीधरराव जिन्यात ऐकत होते. म्हणाले, तिचाही आवाज स्वच्छ आहे.

चंद्रभाननी आपली चळत आणली आहे. नवी करकरीत, पानभर आकड्यांची. त्यांची बायको मागच्या साली गेली.

रविवार, २६ ऑक्टोबर
मला मुलगी आहे. तिचं नाव दीप्ती. मला मुलगी आहे.

कुसुमला मूल नव्हतं. ती ही ओळ लिहू देत नाही — हात ओढते —

सोमवार, २७ ऑक्टोबर
आली. अंगणात उभी आहे, एक हात पोटावर. आई, आई, हाका मारते आहे.

मी गॅलरीत गेले. तिने वर पाहिलं आणि तिचा चेहरा कसा उजळला. चंद्रभान फाटकापाशी. श्रीधरराव व्हरांड्यात, हात जोडून, हसत.

मी ओ दिली तर ती आत येणार. आत आली की वाचणार.

म्हणून कुसुमला बोलू दिलं. कोन वं तू? इथं तुही माय राहत नाही. जाय इथून!

मला ठाऊक होतं ती कोण. त्या क्षणी अगदी पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच —

मागे सरली. तोंडावर हात. ऑटोकडे वळली. जा, बाळा. जा —

थांबली. श्रीधरराव तिला पाणी देताहेत. काहीतरी सांगताहेत. आईला भ्रम झालाय, असंच काहीतरी. ती मान हलवते आहे. चपला काढते आहे.

फाटक लागलं.

जिन्यात पावलं. पळ म्हणून ओरडायचं. नाव घेऊन ओरडायचं, म्हणजे तिला पटेल की मीच — नाव —

दारात एक मुलगी उभी आहे. पोटुशी. रडते आहे बिचारी. तिला काहीतरी सांगायचं होतं, फार महत्त्वाचं, ती बसायच्या आत —