वायनाखालची जोडीण

३ फेब्रुवारी
पोचले एकदाची नातीकडे! बांद्याहून एसटीत सुके बांगडे, कोकमं आणि माझं मुसळ घेऊन. मुसळ आईने लग्नात दिलेलं, ते सोडून मी कुठे जात नाही. कंडक्टर म्हणतो, आजये, लग्नाक चललंस काय भांडणाक?

मालवणच्या वर सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, तन्वीने घर भाड्याने घेतलंय. माझी नात म्हणजे दगडांची डॉक्टरीण. ही वहीही तिनेच दिली, बडबड हय लिही, माका काम करूंक दी म्हणाली. पाण्याची टाकी बांधायच्या आधी जमीन पोकळ आहे का बघतात. लोखंडी पत्र्यावर हातोडा मारायचा, जमिनीत खोचलेले बारके कान ऐकतात. काळ्या कातळात आवाज धावतो, जांभा भोकाभोकांचा, त्यात रेंगाळतो. खाली आपटून परत येतो. उशिरा आला तर खोल, लवकर आला तर जवळ. मी म्हटलं, तुझ्या आजोबांचंही तसंच. हाक मारली की ओ किती उशिरा येते त्यावरून कळायचं, शेतातल्या मांगरात आहेत की गुत्त्यावर. पोर पोट धरून हसली.

५ फेब्रुवारी
मागच्या पडवीत जमिनीतच कोरलेलं दगडी वायन, म्हणजे उखळ सापडलं, वर जांभ्याचा चिरा ठेवून झाकलेलं. एवढं सुरेख वायन कोण झाकतं? घासलं, मिरच्या कांडल्या. शेजारच्या काशीबाईचंही कांडण चाललं असावं. माझा घाव पडला की तिचा. आमच्याकडे दोघी अशाच कांडतात, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. जोडीण मिळाली म्हणून मिरच्या संपल्या तरी रिकामं वायन कांडत बसले.

८ फेब्रुवारी
काशीबाई आज आली. कणकवलीला लेकीकडे होती म्हणे, कुलूप माझ्यासमोर उघडलं. मग त्या दिवशी कांडत कोण होतं?

उघडं वायन बघून ती उंबऱ्यातच थांबली. तिची सासू सांगायची, तिथे घाव घातला की खाली हाक जाते. आणि हाक मारणाऱ्याकडे तो येतो. देवचार काय गो, विचारलं. म्हणाली, देवचार राखण करता, ह्यो राखणारो न्हय.

चिरा परत ठेवला. कांडण बंद.

१० फेब्रुवारी
तन्वी सांगते, हातोडा मारला की आवाज परत येतो, तो येऊन गेल्यावर आणखी एक येतो. काल बराच उशिरा होता. आज लवकर. यंत्र बिघडलंय म्हणे.

मला तिच्या आजोबांची ओ आठवली. लवकर म्हणजे जवळ.

माझं कांडण बंद, आता घाव फक्त तिचेच.

११ फेब्रुवारी
जाऊ नको म्हटलं. हसली. आजये, दगडाक पाय नसतत. उद्या थोडे घाव, मग काम संपलं.

१२ फेब्रुवारी, दुपार
सड्यावरून हातोडा ऐकू येतो. प्रत्येक घावाला खालून ओ. आधी पडवीखाली होती, फळीवरची भांडी थरथरली. आता पुढे सरकली— तिच्या बाजूला—

हाका मारल्या. वाऱ्यात पोचत नाहीत. गुडघे धावू देत नाहीत.

चिरा सरकवला. मुसळ आहे माझं.

एक घाव घालते, एक ओळ लिहिते. खालचा थांबला.

वळला—

भांडी पुन्हा वाजतायत. बरं झालं. ये रे बाबा, हयसर ये, ती पोर आसा, माका ने—

तन्वीचा हातोडा अजून वाजतोय. वाजू दे देवा—

वायनाच्या तळाला भेग. मुसळ वर येईना. खालून कोणी ध