लोकर आमच्या रक्तातच आहे

३ नोव्हेंबर, रविवार
डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलंय, एखादा छंद लावून घ्या. विणकाम ठरलं. आमच्या घरी पूर्वी मेंढरं होती. लोकर रक्तातच आहे. सुकन्या पहिल्या बाळंतपणाला इथं जळोचीतच आहे, नातू चार दिवसांचा. बारशाला आजोळचं टोपडं मीच विणणार. डाळजला व्याह्यांना फोन करून सांगूनही टाकलं. टोपडं झालं की लगेच स्वेटर.

४ नोव्हेंबर
पिवळी लोकर आणि सुया आणल्या. यूट्यूबवरची बाई फारच सावकाश शिकवते. पुढं ढकलली.

९ नोव्हेंबर
टाके घातले. दुसऱ्या ओळीत ते आपोआप वाढले. सुया हलक्या प्रतीच्या असणार. ही म्हणाली, उसवा. मी उसवणाऱ्यातला नाही.

१५ नोव्हेंबर, सेकंड शिफ्ट
एमआयडीसीत विणकाम घेऊन गेलो. डेअरीचं पॅकिंग मशीन बंद पडलं तेव्हा मी सुटलेला टाका शोधत होतो. साहेबांनी विचारलं, हे काय. रिलॅक्सेशन, म्हणालो. मेमो मिळाला. घरी येऊन बीपी पाहिलं तर आणखी वर. बीपीचं मशीन बदलायला हवं.

२२ नोव्हेंबर
शेवटी वडिलांना, आबांना विचारलं, आपल्यात विणायची जुनी पद्धत कशी होती? आबा म्हणाले, आपुन मेंढरं राखली, सूत कातलं. घोंगडी इणायची ती सणगरानं. आपल्यात कुणाला इणता येत न्हाय.
हे आधी सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, तू इचारलंस कुठं?

१ डिसेंबर
टोपडं दोन्हीकडून उघडंच आहे. वरून मिटायचं नाव घेत नाही. स्वेटर पुढच्या वर्षी. बाळाच्या डोक्यावर माझ्या हातचं काहीतरी असावं एवढंच मागत होतो. डोळ्यात पाणी आलं. लोकर गेली असेल.

८ डिसेंबर, बारसं
नाव शंभूराज ठेवलं. हिनं बाजारातून टोपडं आणलं आणि सगळ्यांना सांगितलं, यांनीच विणलं. व्याही दादासो कौतुक करून थकले. तेवढ्यात सुकन्या कानाशी आली. पप्पा, ह्ये इकतचं हाय, तुमचं कुठं हाय? मला त्येच घालायचं हाय बाळाला.
घरभर शोधलं. आबांच्या गुडघ्यावर सापडलं. थंडीचं लई बरं वाटतंय, म्हणाले. काढू देईनात.
दुसऱ्या गुडघ्यालाही अगदी तसंच पाहिजे म्हणतात. तसं ते कसं झालं, हे मला काही केल्या आठवत नाही.