नवमीला न फिरवलेलं हँडल

श्रीराम प्रसन्न

मी, नरहरी सदाशिव काळबांडे, वय ४९, धंदा मशीन वर्कशॉप, राहणार गुढियारी, रायपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं, कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. पोटातला कर्करोग यकृतात पोचला आहे. दुखण्याच्या गोळीनं गुंगी येते, म्हणून आज सकाळपासून ती घेतलेली नाही. माझ्या शुद्धीबद्दल कुणी शंका काढू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर, बँकेतली ठेव आणि वर्कशॉपची जागा पत्नी कुमुद हिला मिळावी. देव्हाराही तिचाच.

२. गावच्या शेतात माझा वाटा आहे. वडील गेले तेव्हा थोरले बंधू रत्नाकर यांनी मला वेळेवर कळवलं नाही, तोंड पाहायचं राहिलं. तो राग मी इथे सोडतो. वाटा सोडत नाही. तो मुलगी देवश्री हिला द्यावा.

३. माझं चालू मिलिंग मशीन, कटर आणि डायल गेज श्रीमती शारदा दयाराम नागपुरे यांना द्यावं. त्या नात्यातल्या नाहीत. कारण पुढे आहे. त्यांनी ते विकायला काढलं, तर घेणाऱ्याला तासभर चालवू द्यावं. कटर फिरवणारा स्पिंडल तापतो का, डगमगतो का, ते पाहू द्यावं. टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊ द्यावं. झीज मधल्या भागात असते. शेवटी टेबल सरकवायचं हँडल एका दिशेनं फिरवून उलट फिरवू द्यावं. टेबल हलण्याआधी हँडल जितकं रिकामं फिरतं, तितका आतला नट झिजलेला.

४. हे सगळं मला येत होतं. जुनं मशीन घेणारे मला सोबत नेत. २०१९च्या खंडेनवमीला माझ्या गावचा दयाराम नागपुरे मला घेऊन गेला. मशीन धुऊनपुसून, कुंकू लावून, झेंडूचा हार घालून ठेवलं होतं. विकणारा म्हणाला, "भैया, कहो तो माला हटाके चला देता हूँ."

"राहू द्या," मी म्हणालो. "पूजा झाली. आज हत्याराले हात नाही लावत."

दयाराम म्हणाला, "काहून रे? मशीन पाहाले आणलं तुले, का आरती कराले?"

मी हसलो. बॅटरीचा उजेड टाकून वरवर पाहिलं आणि "घे" म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनला दुसरं गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून थांबलो नाही. विकणाऱ्याचा यात दोष नाही.

५. तीन महिन्यांनी काम चालू असताना कटरनं टेबलावर बांधलेला लोखंडी जॉब ओढला. नट ढिला, त्यामुळे टेबल झटक्यात पुढे गेलं, कटर फुटला आणि तुकडा दयारामच्या मानेत शिरला. तो दवाखान्यापर्यंत पोचला नाही. तेराव्याला शारदा वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, मशीनमंदी काही खोट होती का?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. घाई केली त्यानं."

तेराव्याच्या आदल्या दिवशीच मी ते हँडल फिरवून पाहिलं होतं. अर्धा फेरा रिकामा.

तेव्हापासून वहिनी विचारणाऱ्याला सांगतात, "घाईनं नेलं त्यायले." दयाराम घाई करणारा नव्हता. त्याला जॉब बांधायलाच अर्धी सकाळ लागे, आणि त्यावरून मीच त्याला चिडवत असे. देवाजवळ मी हे कबूल केलं आहे. वहिनींजवळ धीर झाला नाही.

६. ते मशीन मी वहिनींकडून विकत घेऊन कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवलं आहे. ते चालू म्हणून कुणालाही विकू नये, तोडून भंगारात द्यावं. पण त्याआधी, माझ्या तेराव्याच्या आत, कुमुदनं शारदा वहिनींना वर्कशॉपमध्ये बोलवावं. कलम ४ आणि ५ त्यांना वाचून दाखवावं आणि ताडपत्री काढून हँडल त्यांच्या हाती द्यावं. आधी उजवीकडे, मग डावीकडे. टेबल हलेपर्यंत कुणी काही बोलू नये.

सही: नरहरी सदाशिव काळबांडे
रायपूर, १८ नोव्हेंबर २०२५

नरहरी काळबांडे यांनी वरील मजकूर आम्हा दोघांसमोर मोठ्यानं वाचला व सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या.
१. राकेश मेश्राम, गुढियारी
२. कौमुदी देव, तात्यापारा