पुडीतली चिठ्ठी

बेलापूर,
२ मार्च १९९६

प्रिय जयमाला,

आणि वर तूच विचारतेस, आई, कांडप कसं चाललंय? कसं चालणार? ऐन मिरचीच्या दिवसांत तू मला तोंडघशी पाडलंस. मसाल्याच्या पुडीतून दर पंधरा दिवसांनी नवी चिठ्ठी निघायची सवय गावाला लावलीस, आणि दिवाळीत निघून गेलीस ती चिठ्ठ्यांची वहीसुद्धा घेऊन. काल लंकाबाई मिरची कांडायच्या डंकासमोर उभी राहून सगळ्यांदेखत म्हणाली, "बनाबाई, पुडी राहू दे, आदी चिठ्ठी दाव. न्हाई? मग आमचं घरचं तिखट काय वाईट हाय?" पिशवी झटकून गेली.

तू छापून ठेवलेल्या चिठ्ठ्या संक्रांतीपर्यंत पुरल्या. मग तुझ्या कानिफमामाचं ऐकलं. तो म्हणाला, आक्का, चिठ्ठ्याबिठ्ठ्या कसल्या, जाहिरात कर. गुळगुळीत कागदावर नटीचा फोटो, खाली 'बनाबाईंचा काळा मसाला, एकदा घ्याल तर पुन्हा मागाल'. रिक्षाला भोंगा बांधून आठ दिवस गावभर बोंब मारली. आठ दिवस लई गर्दी. नवव्या दिवशी भोंगा थांबला, गर्दी पण थांबली. पुढच्या पुडीत तीच नटी, त्याच्या पुढच्या पुडीत पण तीच. बायका मला विचारतात, "हिला चूल पेटवता येती का?" साळूबाईच्या नातवंडांनी तिला मिशा काढल्या. आणि तुझ्या चिठ्ठ्या अजून घरोघर चुलीजवळच्या भिंतीला खळीनं चिकटवलेल्या आहेत, तेलाच्या बोटांनी पिवळ्या झाल्यात. मिरचीला पोरकिडे लागू नयेत म्हणून काय करायचं, ती पहिली चिठ्ठी आठवते का? तेव्हा मीच तुला बोलले होते, फुकट शिकवायला आपण शाळा काढलीय का? तू म्हणालीस, आई, चिठ्ठीत आपला मसाला घ्या असं एकदाही लिहायचं नाही. बाईच्या कामाचं द्यायचं, तिच्याच तोंडून ऐकलेलं, तिच्या नावानिशी. ती आपोआप येते. मला तेव्हा ते खुळेपण वाटलं.

लाईट आली, उठते. चार बायका खोळंबल्यात.

परत बसले. हात लाल आहेत, कागदाला डाग पडले तर पडू दे.

मग म्हटलं, मीच लिहीन, चौथी काय फुकट झाले? साळूबाईनं हुलग्याच्या शेंगोळ्यांची रीत सांगितली, पण डंकाच्या आवाजात सांगितली. मागं तिची जाऊ दगडाबाई रांगेत उभी. त्या दोघींचं बारा वर्षं बोलणं नाही, तुला ठाऊकच आहे. माझ्या डोक्यात कसं गोंधळलं देव जाणे, शेंगोळे साळूबाईचे आणि नाव छापलं दगडाबाईचं. झालं! साळूबाई आली ती ओरडतच, "माज्या सासूनं मला शिकवलं, हिला न्हाई!" दगडाबाई तिच्यावर कडी, "मी कवा म्हणलं माजं हाय? इतकं पातळ शेंगोळं माज्या नावावर?" बारा वर्षांनी बोलल्या त्या अशा. आता दोघीही मिरची श्रीरामपूरला नेतात आणि बाकीच्या मला काही सांगायलाच भितात. तू प्रत्येक चिठ्ठी छापायच्या आधी त्या बाईला वाचून दाखवायचीस. ज्याचं नाव, त्याला विचारून. मला वाटायचं, किती वेळ घालवते ही पोर. मला धीर नाही, तो कुठून आणू?

आता जे सांगायला बसले ते सांगते. तू नर्सिंगला गेलीस असं मी गावाला सांगितलंय. तुझी तीन पत्रं आली, तिन्ही डाळीच्या डब्यात आहेत. उत्तर दिलं नाही. छापखान्यातला पंकज चिठ्ठ्यांचे गठ्ठे सायकलवर घेऊन दीड वर्ष आपल्या दारात येत होता, मी त्याला कधी ओट्यावर बस म्हटलं नाही. तो आपल्यातला नाही, एवढंच मला दिसलं. तू त्याचा हात धरलास तेव्हा तुला काय हवंय ते विचारलं नाही, मीच ठरवलं आणि दार लावलं. आता पाडव्यापासून चिठ्ठी पुन्हा सुरू करायची आहे. तूच लिहायची, संगमनेरला त्यानं नवीन छापखाना टाकलाय तिथंच छापायची. खाली लिहिणारीचं नावही टाकायचं, आजवर तुझं नाव कधी आलं नाही. पण कुठलं टाकू? माहेरचं टाकलं तर मी गावाला खोटंच सांगत राहिले. त्याचं आडनाव टाकलं तर ते अख्ख्या बेलापूरच्या चुलीजवळ चिकटणार, काढू म्हटलं तरी निघणार नाही. माझं मन त्याचंच टाकायचं झालंय. आता कोण काय म्हणतं ते मी बघून घेईन. पण ज्याचं नाव त्याला विचारून, म्हणून तुला विचारते. त्यालाही विचार. पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत उत्तर माझ्या हातात पाहिजे. टपालाचा भरवसा नसेल तर दोघं मिळून घेऊन या. सायकल, मोटार, कशानंही या. ओटा सारवून ठेवते.

वाट बघणं कधी न जमलेली,
तुझीच आई