खिळा रिकामा राहू नये म्हणून

५ नोव्हेंबर २००७
डॉक्टर म्हणाला, कानात आवाज येतो तर कधी येतो ते लिहून ठेवा. मी म्हटलं, कानात नाही, घरात येतो. म्हणाला, तेच लिहा. म्हणून लिहिते. चौथी पास आहे, एवढं जमतं. डायरी माझ्या पोरीच्या, स्वप्नालीच्या ऑफिसातली, मागच्या वर्षीची. वार चुकणार. चुकू देत.
दुपारी चार. टुंग. मग थांबून टुंग टुंग.

६ नोव्हेंबर
आज दोनदा.
भूतबित आपण मानत नाही. दीक्षा घेतलेलं घर आहे आमचं. आवाज कसला ते मला चांगलं माहीत आहे. स्वप्नालीचे पप्पा वाजवायचे त्या छोट्या गिटारचा. चार तारा. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या भंगारवाल्याकडून आणली होती, नाव कुणालाच माहीत नव्हतं. भीमगीतांच्या गायन पार्टीत हार्मोनियमच्या मागे बसून तेवढीच वाजवायचे. घरी पण तेच. बंद करा म्हणून माझा घसा बसला.
मार्चमध्ये ते गेले. शंकर भावोजींनी गिटार पार्टीसाठी मागितली. नाही दिली. सरणावर ठेवली. म्हटलं जा घेऊन, तिकडे करा टुंगटुंग.
लाकूड जळलं. तारा जळल्या. मग वाजतंय काय?

९ नोव्हेंबर
दिवाळीची जीन्स बाजारात गेली, माल कमी. घरी धागे कापायला कारखान्यातून फक्त दोन गठ्ठे आले. घर शांत, म्हणून जास्त ऐकू येतं. बाकी काही नाही.
शेजारच्या ठमाबाईला सांगायला नको होतं. भाजीची पाटी खाली ठेवून म्हणते, गो बाय, तुजा दादला गेला नाय, घरानच हाय. सोनिवलीला भगत आहे म्हणे, नारळ घेऊन चल. मी म्हटलं, तुझा भगत तुझ्यापाशी ठेव, कोथिंबीर दे. तर म्हणते, तूच दिलीस ना त्याच्यासंगती, आता वाजवतोय तर रडतेस कशाला?
रडत नाहीये. कोथिंबीर पण सुकलेली होती.

१४ नोव्हेंबर
डोकं चालवलं. चौथीच्या पुढे शिकले नाही म्हणून काय झालं.
घरात वाद्य नाही आणि वाद्याचा आवाज येतो, ही चूक. वाद्य आणलं की चूक मिटली. खिडकीतून वारा येतो, तारेला लागतो, वाजतं. कुणी विचारलं तर बोट दाखवायचं. सायन्स आहे हे.
मार्चला पहिला स्मृतिदिन. भन्तेजी येणार, विहारातली सगळी येणार. तेवढ्यात टुंग झालं तर? बौद्धाच्या घरात भूत म्हणून नाव होईल. त्याच्या आत वाद्य खिळ्यावर पाहिजे. ठरलं.

१८ नोव्हेंबर
भिंतीवर त्या गिटारचा डाग आहे. आजूबाजूचा चुना काळा पडला, तेवढाच गोरा राहिला. टेपने मापला. तीस इंच.
उल्हासनगरात तीन दुकानं फिरले. मोठी गिटार आहे, पोरांची प्लास्टिकची आहे. सिंधी सेठ म्हणाला, साईं, चार तार की गिटार नहीं होती, दो तार टूट गई होगी. मी म्हटलं, तीस वर्षं ऐकली आहे, मला शिकवू नको. चिडूनच आले.

२ डिसेंबर
प्रीतमच्या सायबर कॅफेत गेले. बापाने सोनिवलीची जमीन विकली, याने कम्प्युटर घेतले. त्याला टेप दाखवली. त्याने चित्रं काढली. नाव सापडलं. युकुलेले. त्यात पण चार मापं. तीस इंचवाल्याचं नाव बॅरिटोन. प्रीतम म्हणाला, मावशी, लहान घ्या ना, लहान इंडियात मिळेल. मी म्हटलं, डाग लहान होणार आहे का?
बॅरिटोन एकच सापडलं. अमेरिकेत. वापरलेलं. बरंच, हात बसलेला असतो.
स्वप्नालीचं कार्ड लागणार.

४ डिसेंबर
स्वप्नाली अंबरनाथहून आली. मम्मी, तुला वाजवता येत नाही, कुणासाठी? मी म्हटलं, भिंतीसाठी. भिंत खराब दिसते. ती म्हणाली, मग रंग दे. रंग देऊन डाग घालवायचा म्हणते. आजकालच्या पोरींना अक्कल नाही.
म्हणाली, तुला करमावं म्हणून पप्पा गेल्यावर टीव्हीची छत्री लावून दिली ना, बघ की टीव्ही. बघते. टीव्ही बघतानाच जास्त वाजतं.
शेवटी कार्ड दिलं. प्रीतम बटण दाबणार होता. माझा हात माऊसवर ठेव म्हटलं. ठेवला. मीच घेतलं.

११ डिसेंबर
एक गोष्ट आधी सुचायला पाहिजे होती. वापरलेलं म्हणजे कुणी वापरलेलं? तो माणूस आहे ना?
मानत नाही मी. पण विचारायला काय जातं. प्रीतमला म्हटलं, लिही अमेरिकेला, याचा मालक जिवंत आहे का. प्रीतम हसत होता. लिही म्हटलं.

१३ डिसेंबर
उत्तर आलं. ते वाद्य विकणारीच्या आजोबांचं. आजोबा दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांचा फार जीव होता त्यावर. तुमच्या घरी ते पुन्हा वाजेल म्हणून मला आनंद वाटतो, असं लिहिलंय.
हिला आनंद वाटतो.
प्रीतमला म्हटलं, कॅन्सल कर. तो म्हणाला, मावशी, पार्सल निघालं.

१४ डिसेंबर
म्हणजे आता दोन.
चारला टुंग. मी भिंतीकडे बघून सांगितलं, तुमच्या जोडीला अमेरिकेचा म्हातारा येतोय, नीट वागा. हे मी गमतीत बोलले. घरात कुणी नव्हतं.

२ जानेवारी २००८
संकल्प. एक, त्या आवाजाकडे लक्ष द्यायचं नाही. दोन, भिंतीशी बोलायचं नाही. तीन, गठ्ठे वेळेवर द्यायचे.

३ जानेवारी
फक्त विचारलं, जेवलात का. सवयीने तोंडातून गेलं. ते बोलण्यात धरत नाहीत.

२१ जानेवारी
पार्सल नाही. पोस्टात गेले. कारकून म्हणाला, फॉरेनचं येतं तेव्हा येतं. मी म्हटलं, माणूस एवढ्यात जाऊन येतो. तो म्हणाला, कोण? मी निघाले.

१२ फेब्रुवारी
आलं.
खोका उघडून परत चिकटवलेला. कस्टमवाल्यांनी आत डोकावलं वाटतं. एक तार तुटलेली. लाकूड तांबूस, मधल्या भोकाजवळ अंगठ्याने घासून झिजलंय. म्हाताऱ्याचा अंगठा. आधी ओल्या फडक्याने पुसलं. मग कोरड्या. मग डेटॉलने.
खिळ्यावर लावलं. डागावर बरोब्बर बसलं. मापात आपण चुकत नाही.

१५ फेब्रुवारी
शंकर भावोजी येऊन तार लावून गेले. वाद्याचे कान पिळत बसले अर्धा तास. मग सगळ्या तारांवरून एकदाच बोट फिरवलं.
मी मोरीत जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती, परत घासली.
बाहेर आले तर म्हणतात, वहिनी, भीमदादा हेच वाजवायचा की हो, आवाज सेम. जाड, पोटातून. मग चार वाजले आणि वरून टुंग झालं. भावोजींनी कान दिला. म्हणाले, हा तर बारीक आहे, हा तो नाही.
मी म्हटलं, तिकडे तारा कसल्या मिळत असतील काय माहीत.
 भावोजी चहा अर्धा ठेवून गेले.

१९ फेब्रुवारी
आवाज चालूच. पण आता वाद्य आहे, त्यामुळे काही प्रश्न नाही. फक्त वाद्य या भिंतीवर आणि आवाज मोरीच्या बाजूने. त्यांना दिसलं नसेल. मोरीच्या भिंतीवर हलवलं.

२२ फेब्रुवारी
मोरीत लाकूड फुगेल. परत आणलं. त्यांनी यावं इकडे, मी किती नाचू?
अमेरिकेच्या म्हाताऱ्याचा काही त्रास नाही. शांत आहे. एखादा माणूस असतो तसा.

८ मार्च
उद्या स्मृतिदिन. खीर, पुरी, वाटाणा-बटाटा. सगळ्यांना काय सांगायचं ते पाठ केलं. वारा येतो, तारेला लागतो, वाजतं. ठमाबाईला पण बोलावलंय. येऊन बघू दे.

९ मार्च
घर भरलं होतं. भन्तेजींनी त्रिसरण, पंचशील दिलं. मग दोन मिनिटं शांत बसायला सांगितलं. कुणी खोकत पण नव्हतं.
टुंग.
सगळ्यांनी वर बघितलं. ठमाबाईने माझा हात धरला, हात गार पडलेला तिचा. मी खिळ्याकडे बोट दाखवलं आणि पाठ केलेलं बोलले. वारा, तार, वाजतं. भन्तेजींनी मान हलवली. जिंकले मी.
मग पंगत बसली, परत टुंग झालं, तर छत्रीवाला राजेंद्र, आमच्याच विहारातला, पंगतीतून उठला. पुरी हातातच. बाहेर जाऊन पत्र्याकडे बघतो काय, वर चढतो काय. वरून ओरडला, मावशी, ते युकुबिकु नाही. छत्रीला वाऱ्याने उडू नये म्हणून मी तार बांधलेली, ती सैल पडलीय. एप्रिलमध्ये घाईत बांधलेली. सॉरी.
पक्कडने कसली. बोटाने मारून दाखवलं. आवाज नाही.
सगळे हसले. ठमाबाई सगळ्यात मोठ्याने, मगाशी हात गार पडलेला ते विसरून. स्वप्नाली म्हणाली, मम्मी, अमेरिकेवरून वाद्य मागवलंस, दहा फुटांवर चढून बघितलं नाहीस. भन्तेजी म्हणाले, अंधश्रद्धा अशी निघते.
मी म्हटलं, मी तर पहिल्यापासून वाराच म्हणत होते. खीर वाढली.

१० मार्च
चार वाजले. काही नाही. मस्त.

११ मार्च
शांतता. तीन गठ्ठे उरकले. जीव सुटला एकदाचा. आता या डायरीचं पण काम नाही.

१३ मार्च
सहज लिहिते. चारला घड्याळ बघितलं, कारण गठ्ठेवाला येणार होता. तो आज येत नाही, उद्या येतो.

१५ मार्च
दोन ताटं वाढली. हे काही आजचं नाही, वर्षभर वाढतेय. दुसरं झाकून ठेवते.
पण आज झाकून ठेवून काय करू ते सुचेना. दारातल्या कुत्र्याला घातलं.

१७ मार्च
युकुलेलेच्या एका तारेला बोट लावलं. जाड आवाज आला. माझ्या बोटाचा. दुसऱ्या तारेला लावलं नाही.
डॉक्टरकडे गेले. म्हटलं, कान तपासा, काही ऐकू येत नाही. तपासला. म्हणाला, बाई, कान चांगला आहे, आता आवाज बंद झाला ना? झाला. मग? मग काही नाही. उठून आले.

२० मार्च
राजेंद्रचं काम कच्चं असतं. गेल्या वर्षी सैल बांधली, आता जास्त कसली. एवढी कसली तर पत्रा फाटेल. नंतर गळला तर कोण येणार? हे आपणच बघायला पाहिजे. नीट करायला पाहिजे, बाकी काही नाही.
पाण्याच्या ड्रमवर चढले, तिथून पत्र्याच्या कडेला. पक्कड ठमाबाईच्या घरून आणली. ती खाली उभी राहून, गो पडशील, कमर मोडशील, खाली उतर, ओरडत होती. तार दोन पिळे सैल केली. ठमाबाईला म्हटलं, पत्र्यासाठी. ती हसली नाही. ड्रम धरून उभी राहिली.

२१ मार्च
पाच वाजता वारा सुटला.
वाजली. चांगली चार-पाच वेळा वाजली. मी मधल्या खोलीत उभी राहून सगळं ऐकलं.
तार आहे ती.
टीव्ही पण दिसत नाही, छत्री हलली. राजेंद्रला फोन केला. म्हटलं, येऊन कसून जा.