हातोड्याचं कलम

सर, आज पुन्हा तुमच्यापायी माझा घसा बसला. हल्ली मला तरुण डॉक्टरांना शिकवायला बोलावतात. विषय भारदस्त असतो: हातून गुन्हा घडलेल्या मनोरुग्णाच्या केसची मांडणी आणि उपचारांची आखणी. मुलं हुशार आहेत, इस्त्रीचे कपडे घालून येतात आणि आल्या आल्या कागदावर चौकटी आखतात. एका चौकटीत जुनी कारणं, दुसरीत ताजी, तिसरीत आजार टिकवून धरणारी. मग एक जाडजूड बाण, आणि बाणाच्या टोकाला आराखडा: गोळ्या, समुपदेशन, कुटुंबाचं प्रबोधन, पुढची तारीख. एकाने कडब्याची गंजी पेटवलेली, दुसऱ्याने आईवर हात टाकलेला, तिसरी बाई पोराला घेऊन विहिरीत उतरलेली. तिघांच्या बाणांना टोक एकच. मी म्हटलं, "अहो, मग रबरी शिक्काच करून घ्या ना!" तर मागच्या बाकावरून एकाने अगदी मनापासून विचारलं, "मॅडम, शिक्का चालतो का कोर्टात?" सर, अशा वेळी मला तुमचा संताप येतो. त्याचा नाही, तुमचा. तुम्ही मला ते दुसरं काही दाखवलं नसतं, तर मीही शिक्का मारून सुखाने चाळिशी ओलांडली असती.

नगरच्या दवाखान्यातली ती आपली खोली. दाराशी स्टुलावर पेंगणारा पोलीस, टेबलावर तुमचा गार झालेला चहा, आणि समोर मी, नुकती पदवी घेतलेली, दोन वेण्यांची आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. राजूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला माणूस आपल्याकडे आणलेला असतो. त्याने कुदळीच्या दांड्याने थोरल्या भावाचा हात मोडलेला. मारलं तेव्हा तो भानावर नव्हता, हे कोर्टाने मान्य केलंय आणि त्याला शिक्षेतून सोडलंय. पण सोडलंय म्हणजे घरी सोडलेलं नाही. एक तर वेड्यांच्या इस्पितळात बेमुदत, नाहीतर कुणी नातेवाइकाने कोर्टापुढे उभं राहून त्याची हमी घ्यायची. आणि हमी घेणारा एकच नातेवाईक उरलाय: ज्याचा हात मोडला तो. दवाखान्याने मत द्यायचं की याला घरी पाठवावं का, पाठवलं तर कसं.

मी मत लिहून आणलं. वर ठळक अक्षरांत आजाराचं नाव, खाली लक्षणं, खाली सही. तुम्ही आजाराच्या नावावर हाताचा पंजा ठेवलात आणि म्हणालात, "आता वाचा." मी वाचलं. "यात त्या माणसाचं काय आहे? हे शेवगावच्या कुणाला लावलं तरी बसेल, पाथर्डीच्या लावलं तरी बसेल. त्याने त्याच आठवड्यात का मारलं? दुसऱ्या कुणाला सोडून भावालाच का? आणि इतकी वर्षं का नाही मारलं?" मी म्हटलं, "सर, तो आजारी आहे." तुम्ही म्हणालात, "ते मला कळतंय, मीही डॉक्टर आहे." पोलीससुद्धा जागा होऊन हसला. तो अपमान मला आजही जसाच्या तसा आठवतो, सर, आणि तो पोलीसही.

मग सुरू झाला तुमचा तो छळवादी रिवाज. मांडणी मराठीत लिहायची, आजाराचं नाव सगळ्यात शेवटी, आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यालाच ती वाचून दाखवायची. "कुठे चुकलं ते सांग," असं विचारायचं आणि तो सांगेल तसं पुन्हा लिहायचं. कोर्टाची तारीख जवळ येतेय, आणि मी एका आरोपीसमोर बसून त्याचीच केस मोठ्याने वाचतेय, शाळेतल्या धड्यासारखी! तो खाली बघून ऐकायचा. गोळ्यांनी त्याला झोप लागायला लागली होती, कानात येणारे आवाज मागे हटले होते. एकदा म्हणाला, "लोकं रातीची हसत हुती ते लिवलं, बरं केलं. पन भाऊ न्हवता हसत. त्यो गप हुता." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आजार-बिजार लिवा काय लिवायचा त्यो. पन मला सावडीला बोलवलं न्हाई, ते आधी लिवा."

सावड म्हणजे काय, हे मला नगरच्या माळीवाड्यात वाढलेल्या बाईला कुठून ठाऊक असणार? भाताच्या लावणीला सगळी वाडी आज एकाच्या खाचरात उतरते, उद्या दुसऱ्याच्या. मारहाणीच्या आदल्या वर्षापासून तो एकटाच पुटपुटायला लागला होता, बायका भ्यायला लागल्या होत्या, म्हणून लावणीच्या वेळी त्याला कुणी हाक मारली नाही. त्याच्या खाचरातही मग कुणी आलं नाही. रोपं जागच्या जागी पिवळी पडली. भावाने लोकांना शिकवून ठेवलंय, असं त्याच्या डोक्याने घेतलं, आणि दांडा उचलला. मी म्हटलं, हा संशय म्हणजे आजाराचंच लक्षण. तुम्ही म्हणालात, "आजार खरा. आणि बोलावलं नाही, हेही खरं. दोन्ही लिहा. नुसती गोळी दिली तर यातलं एकच बरं होईल."

इथवर मी तुमच्यापुढे हात टेकले होते. पण तुमचा आराखडा वाचला आणि टेकलेले हात परत उचलले. मारहाणीनंतरचं ते वर्ष दुष्काळाचं. लावणीचं नावच नव्हतं, सावड कुठली आणायची? सगळी वाडी दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडत होती. तर तुम्ही लिहिलंत: गोळ्या नियमित, दर आठवडी बाजाराला राजूरच्या दवाखान्यात तपासणी, आणि याला भावाच्याच टोळीत खडी फोडायला घ्यावं, वेगळा बसवू नये. म्हणजे ज्याने दांड्याने हात मोडला, त्याच्या हाती सरकारी खर्चाने हातोडा! मी म्हटलं, "सर, निदान संध्याकाळी तो हातोडा कुठे जाईल, एवढं तरी लिहा." तुम्ही चष्मा काढलात. "बाई, तुम्हाला माणूस दिसत नाही. हातोडा दिसतो." मी म्हटलं, "मला दोन्ही दिसतात. तुम्हीच म्हणालात ना, दोन्ही लिहा?" त्यानंतर दिवसभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मोठ्या माणसांचा हा एक फार सोयीचा आजार असतो, त्याला मात्र चौकट नाही.

मग आपण वाडीवर गेलो. एसटीने राजूर, पुढे लाकडं भरायच्या जीपमधून, तुम्ही पुढे आणि मी मागे धुरळ्यात. शाळेच्या पडवीत थोरला भाऊ आणि त्याची बायको येऊन बसली. भावाचा हात जुळला होता पण कोपर सरळ होत नव्हतं. तुम्ही सगळी मांडणी वाचलीत, मन लावून, थांबून थांबून. सावडीचं आलं तेव्हा भाऊ म्हणाला, "व्हय. ते आमचं चुकलं. मी हाक माराया हवी हुती." घ्यायला तयार आहेस का, असं विचारल्यावर त्याने वाकडं कोपर पुढे केलं. "ह्यो हात त्यानंच मोडला. आता माज्या वाटची खडी बी त्यानंच फोडावी की!" आणि स्वतःच हसला. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की झालं ना समाधान?

झालं नव्हतं. कारण वहिनी हसली नव्हती. ती पदर ओठांत धरून बसली होती. मी विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" नवरा म्हणाला, "तिचं काय म्हननं असनार?" ती त्याच्यावर उखडली. "न्हाई कसं? तुमी दिवसभर राबता आन पडल्या पडल्या घोरता. मधी नुसता काटक्या-मातीचा कूड हाय. पलीकडं त्यो, अलीकडं माजी पोरं. मंग जागं कोन ऱ्हानार? मीच ना?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यो बरा झाला तर मला काय वाईट वाटंल व्हय? मी त्याला ल्हानाचा मोठा क्येला. पन रातीचा हातोडा घरात नको." तुम्ही तिला समजावायला लागलात, की गोळ्या चालू आहेत तोवर तो कुणाला काही करणार नाही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डाक्टरसायेब, तुमी जाल मोटारीत बसून. ह्या बाई बराबर बोलत्यात."

सर, त्या क्षणी मी किती सुखावले असेन, ते तुम्हाला दिसलं असेलच. म्हणूनच तुम्ही माझ्याकडे न बघता टोळीच्या मुकादमाला बोलावणं धाडलंत. ठरलं ते असं: संध्याकाळी टोळीतल्या सगळ्यांचे हातोडे मुकादमाकडे जमा. त्या एकट्याचा नाही, सगळ्यांचे, म्हणजे त्याला वेगळं काढल्यासारखं होणार नाही. घरातली कुदळ-कुऱ्हाड शेजाऱ्याच्या घरी. त्याची झोप उडाली किंवा तो पुन्हा पुटपुटायला लागला, तर कुणाची परवानगी न घेता वहिनीने त्याला बाजाराची वाट न बघता राजूरला आणायचं. हे शेवटचं तिने स्वतः सांगून लिहवून घेतलं, नवऱ्यासमोर, दोनदा वाचायला लावून.

संगमनेरच्या कोर्टात न्यायाधीशांनी आराखडा वाचला आणि मान वर केली. "डॉक्टर, याच्या हातात तुम्ही हातोडा देताय?" तुम्ही शांतपणे पुढचं कलम वाचून दाखवलंत. माझं कलम. मुकादम, कुऱ्हाड, वहिनी, सगळं. त्यांनी भावाला विचारलं, "तुला भीती नाही वाटत?" "वाटती की, सायेब. पन त्यो तिकडं कोंडलेला असला म्हंजी घरात बसून मला दुसरंच काय काय वाटतं." न्यायाधीशांनी बराच वेळ लिहिलं. माणूस घरी गेला. परतीच्या एसटीत मी तुमच्या शेजारी बसले होते आणि तुम्ही एक वाक्य बोलाल म्हणून वाट बघत होते. लोणी गेलं, राहुरी गेली. राहुरीच्या स्टँडवर तुम्ही तोंड उघडलंत. "शेंगा घ्या खारवलेल्या." मी घेतल्या. त्या शेंगा सोलताना मी मनातल्या मनात तुम्हाला जे काही बोलले, ते लिहिलं तर पोस्टखातं हा कागद स्वीकारणार नाही. तसाही तो मी कुठे टाकणार आहे म्हणा! वहीतून फाडलेलाही नाही.

पुढचं तुम्हाला माहीत नाही. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी तुम्ही गेलात, कुणाला न सांगता, झोपेत. तुमच्या जागी आलेल्या साहेबांना मांडणी वाचून दाखवण्याचं हसू आलं. मी मात्र हट्टाने राजूरला जात राहिले. त्या वर्षी पाऊस झाला. लावणीच्या दिवसांत एका बाजाराला वहिनी एकटीच आली. मी विचारलं, "तो कुठाय?" ती म्हणाली, "खाचरात. सावड हाय ना आज आमची, सोडंनात त्याला. म्हनून मीच आले गोळ्या न्याया." मी तिला बसवलं, नेहमीचे प्रश्न विचारले. झोपतो का? झोपतो. पुटपुटतो का? कवा कवा, पन हसतो बी. प्रश्न संपले तरी ती उठेना. मग गोळ्यांची पुडी कनवटीला लावता लावता म्हणाली, "बाई, मी बी झोपते आता. काल तर दिवस डोक्यावर आल्यावर जाग आली. सासरी आल्यापास्नं पयल्यांदा."

हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, सर. तुमचं सावडीचं निदान बरोबर होतं, माणूस खाचरात उभा होता आणि त्याच्या घरातली बाई झोपत होती. हे ऐकून तुम्हाला बरं वाटलं असतं, आणि ते सांगावं म्हणूनच मी आज लिहायला बसले, असं पहिल्या पानावर मला वाटत होतं. पण खरं सांगायचं तर वीस-बावीस वर्षं मी थांबले आहे ती ही बातमी द्यायला नाही. मला तुमच्या तोंडून एकदा ऐकायचंय, की हातोड्याचं माझं बरोबर होतं.